गवळणीचं पथ्य

अप्पांनी जानवं अंगठ्यात धरलं आणि म्हणाले, "विभा, तुझ्या आईची शपथ. माझ्या ताटातलं एक शीतही मी तिला घातलेलं नाही."

गवळण आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर बसली होती. मागच्या पायानं मान खाजवत होती. खाजवता खाजवता मानेवरच्या उघड्या कातडीतून रक्ताचा बारीक थेंब फरशीवर पडला. मी तो बोटानं टिपला आणि बोट अप्पांपुढे धरलं.

"मग हे काय आपोआप झालं?"

अप्पांनी जानवं सोडलं नाही. सदतीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला माणूस. हिरवं तर हिरवं, लाल तर लाल, तिसरं काही दाखवणं त्यांना येतच नसे. खोटं बोलायचं मनात आणलं असतं तरी जमलं नसतं, आणि हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "शपथा पुरेत, अप्पा. पाच आठवडे झालेत. मी काही मूर्ख नाही."

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

मी तेव्हा पुण्यात एका औषध कंपनीत होते. माल बाहेर पडण्याआधी तो तपासायचा, गोळीत कणभर फरक दिसला तरी सगळा घाणा थांबवायचा, हे माझं काम. ते मला मनापासून आवडायचं. लोक मला खडूस म्हणत, आणि ते मला कौतुकच वाटायचं. लग्नबिग्न केलं नव्हतं. मिरजेला आई, अप्पा आणि गवळण.

गवळण म्हणजे आमची मांजर. दूधवाल्याच्या सायकलीला लावलेल्या कॅनच्या मागे बसून एक पिल्लू दारात आलं, ते आईनं ठेवून घेतलं आणि नाव दिलं गवळण. सहा वर्षं ती आईच्या पायात घोटाळली. आई आजारी पडली, दवाखान्यात गेली, आणि शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "गवळणीच्या खाण्याकडे बघ हं." मला थोडा रागच आला. नवरा नाही, मुलगी नाही, जाताना आठवण कुणाची तर मांजरीची! आई तशी भाबडी होतीच, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

आई गेली आणि महिन्याभरात गवळणीचं अंग बिघडलं. आधी कानामागे खाजवायला लागली, मग हनुवटी सोलली, मग मानेवरचे केस पुंजक्यापुंजक्यानं गळाले. दिवसाआड उलटी. आळीतले सगळे म्हणाले, मांजरीनं धसका घेतलाय. अप्पाही तेच म्हणायचे. मी फोन केला की स्वतःचं काही सांगायचे नाहीत. "तुम्ही जेवलात का?" विचारलं तर म्हणायचे, "आज ती दोनदा ओकली." दिवसभरात त्या घरात ते बोलायचे ते फक्त तिच्याशी. ती गेली तर अप्पांना सकाळी उठायलाही कारण उरणार नाही, हे मला पुण्यात बसून स्वच्छ दिसत होतं. म्हणून साठलेली सगळी रजा टाकली आणि सहा आठवड्यांसाठी मिरजेला आले.

डॉक्टर खोत हे म्हशी-बैलांचे डॉक्टर. हात सुपाएवढे, पण गवळणीला त्यांनी फार हळुवार हाताळलं.

"काय खाते?"

"पोळी, वरणात कुस्करून," मी म्हणाले.

"दूध?"

"दूध आमच्या हिनं कधी दिलं नाही," अप्पा म्हणाले. "लहान असताना एकदा दिलं होतं, तर बाधलं होतं."

"हिला खाण्यातलं काहीतरी सोसत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "काय सोसत नाही ते रक्त तपासून नीट कळत नाही. एकच मार्ग. जे आजवर कधी खाल्लं नाही असं एकच काहीतरी द्यायचं. बाकी सगळं बंद. सहा आठवडे. मध्ये नुसतं चाटण गेलं तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. जमेल?"

"माझं कामच ते आहे," मी म्हणाले.

कधी न खाल्लेलं म्हणजे काय, यात माझे तीन दिवस गेले. मांजरांच्या तयार खाण्याची महागडी पाकिटं मागवली. पुढे बकऱ्याचं चित्र, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात कोंबडी, मासे, दुधाची पावडर, सगळं गाव. अशी मागची अक्षरं वाचण्यातच माझी हयात गेलेली, त्यामुळे मी फसले नाही. डॉक्टर म्हणाले, सशाचं मांस मिळालं तर उत्तम. मिरजेत ससा कुठून आणू? शेवटी ठरलं, मटण. नुसतं उकडलेलं, मीठसुद्धा नाही, वर डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वांची एक पुडी. पण आमच्या घरात कधी अंडंही फुटलं नव्हतं. अप्पांच्या स्वयंपाकघरात मटण शिजवायचं म्हणजे आईच्या फोटोनं तोंड फिरवलं असतं.

"एवढंच ना?" शेजारच्या नसीमभाभी भिंतीपलीकडून म्हणाल्या. "आमच्यात शिजतंच की ओ ताई. तिचं वेगळं पातेलं करते. अप्पांच्या मांजरीसाठी एवढं नाही करायचं?"

नसीमभाभींनी खरोखर नवं पातेलं आणलं. चुकून दुसऱ्यात मिसळू नये म्हणून त्याच्या कानाला लाल दोरा बांधला. रोज सकाळी आठच्या आत उकडलेलं मटण बारीक तोडून, डब्यात घालून भिंतीवरून द्यायच्या. मी फ्रिजवर तक्ता लावला. आठ वाजता चाळीस ग्रॅम, सहा वाजता चाळीस ग्रॅम. उलटी, खाज, वजन, सगळ्याला रकाने. दूध झाकून फ्रिजमध्ये, तूप कपाटात, कपाटाला कडी. पोळीचा तुकडा दिसेल तर शपथ.

गवळण खायची, पण अप्पा शेजारी बसले तरच. मी वाटी ठेवली की वास घ्यायची आणि निघून जायची. मग अप्पा गुडघ्यावर हात टेकत यायचे, तिच्याजवळ पाटावर बसायचे. "खा की बाई, तुझ्यासाठी मिरजेतला बोकड कापलाय," म्हणायचे. मग ती खायची. मी दारात उभी राहून अप्पांच्या हातांकडे बघत असायचे. हात मांडीवर असायचे.

अप्पांचं स्वतःचं जेवण दुपारी एकदाच. कवळी नवी होती आणि टोचायची, म्हणून ती काढून ठेवून मऊ दूधभात खायचे. तो मीच कालवून द्यायची. बिनदाताचं चघळताना कुणी बघितलेलं त्यांना खपत नसे, त्यामुळे ताट मांडून दिलं की मी बाहेर व्हरांड्यात जायची आणि ऑफिसचे फोन उरकायची. पाट, ताटाभोवती पाणी, चित्राहुती, डोळे मिटून पुटपुटणं, सगळं साग्रसंगीत व्हायचं आणि मग कुठे जेवण. मी परत यायची तेव्हा ताट मोरीत असायचं आणि फरशी लख्ख. आई असताना पाण्याचा पेलाही जागचा न हलवणारा हा माणूस आता जेवल्यावर फरशी पुसायला लागला, हे मी मैत्रिणींना फोनवर हसत हसत सांगितलं होतं.

पहिले दोन आठवडे फरक पडला नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा. तिसऱ्यात मान जास्त चिघळली. चौथ्यात उलट्या रोजच्या झाल्या. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, कान उलटा करून बघितला आणि मान हलवली.

"कुठून तरी जातंय पोटात. घरातलंच कुणीतरी घालतंय. माया असते लोकांना, पण मायेनंच मरायची ही."

मी दवाखान्यातून निघाले ती सरळ नसीमभाभींच्या दारात गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"भाभी, मटण कशात शिजवता?"

"तिच्या पातेल्यात की. हे बघा ना." त्यांनी उठून लाल दोऱ्याचं पातेलं दाखवलं. "चमचापण तिचाच."

"मुलं तिला काही देत नाहीत ना?"

"माझी पोरं तिला हात लावायच्या आधी साबणानं हात धुतात, ताई. मीच सांगितलंय तसं."

"तरी कुठून तरी जातंय," मी म्हणाले. "तुमच्या घरी सतत कुणी ना कुणी खात असतं. तुमच्याकडे एवढी काळजी कुठे घेतली जाणार? कसलं तरी बोट लागलंच असेल."

नसीमभाभी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. 'तुमच्या घरी' हे शब्द मी कसे उच्चारले ते मला आजही ऐकू येतं, आणि ऐकू आलं की लाज वाटते.

त्याच संध्याकाळी मी अप्पांना धरलं आणि त्यांनी जानवं अंगठ्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भिंतीवर डबा आला नाही. आमच्या पायरीवर ते पातेलं ठेवलेलं होतं, घासून, पालथं. लाल दोरा तसाच होता.

मी ठरवून टाकलं. गवळणीला पुण्याला न्यायची. तिथे माझं घर, माझी कडी, माझा तक्ता. कुणाची माया नाही, कुणाच्या शपथा नाहीत. टोपलीत जुनी साडी घातली, वर जाळी बांधली. अप्पा दारात उभे होते. टोपलीच्या जाळीतून त्यांनी एक बोट आत घातलं, आणि माझ्याकडे बघून झटकन बाहेर काढलं.

"विभा, तिला एकटीला जेवायची सवय नाही गं."

"सवयी बदलतात, अप्पा."

"हो," ते म्हणाले. "बदलतात की."

पुण्यात मी आयुष्यात पहिल्यांदा मटण शिजवलं, नाकाला पदर लावून, त्याच पातेल्यात. आठ वाजता चाळीस ग्रॅम वाटीत वाढलं. गवळण पलंगाखाली जाऊन बसली ती बसलीच. संध्याकाळी ताजं दिलं. दुसऱ्या दिवशी ताजं दिलं. मी वाटीजवळ जमिनीवर बसले, अप्पा बसायचे तशी. "खा की बाई," म्हणून पाहिलं. तिनं माझ्या हातांचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

आणि तिची मान सुधारत होती! चौथ्या दिवशी खपल्या धरल्या. उलटी एकही नाही. खाजवणं जवळजवळ बंद. सहाव्या दिवशी उघड्या कातडीवर बारीक मऊ केस दिसायला लागले. मी तक्त्यात हिरव्या पेनानं लिहिलं, 'सुधारणा.' म्हणजे मी म्हणत होते तेच खरं होतं, मिरजेला कुणीतरी घालतच होतं. वजनाचा रकाना रोज खाली जात होता, तो मी निळ्या पेनानं भरत होते.

अप्पांचा फोन रोज यायचा.

"खाल्लं का?"

"आज नाही. पण मान भरत आलीय, अप्पा. बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"मी येऊ का? काही करणार नाही. तिच्याजवळ नुसता बसेन."

आजही कधी सकाळी कामं करता करता हे वाक्य आठवतं आणि हात थांबतो. नुसता बसेन, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

"नको अप्पा," मी म्हणाले. "तुम्ही आलात की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल."

अप्पा म्हणाले, "बरं."

सातव्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. इथल्या डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्याच. मांजरानं इतके दिवस न खाणं म्हणजे लिव्हर जातं, तुम्ही वाट कसली बघत होतात, म्हणाल्या. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. नवव्या दिवशी दुपारी गवळण गेली. तिची मान त्या दिवशी पूर्ण भरलेली होती. कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं, की या मानेला कधी काही झालं होतं.

मी अप्पांना फोन केला.

"बरं," ते म्हणाले. मग, "मान बरी झाली होती ना?"

"हो."

"बरं झालं. खाजेनं फार हैराण व्हायची."

पुढच्या रविवारी मी मिरजेला गेले. नसीमभाभी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. मी भिंतीशी जाऊन म्हणाले, "भाभी, मी त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं."

"जाऊ द्या ताई. जनावर गेलं. आता काय त्याचं," त्या म्हणाल्या. हात थांबवला नाही. मग एक चादर दोरीवर टाकली, आणि ती आमच्या मध्ये आली.

दुपारी मी दूधभात कालवला. पाट मांडला, ताट ठेवलं, आणि सवयीनं व्हरांड्याकडे निघाले. अप्पा म्हणाले, "बस इथंच. आता कवळी बसलीय." बसली कसली! चांगलीच टोचत होती, ते त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून म्हणत होते ते. मी समोर फरशीवर बसले.

अप्पांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटले. ताटातला दूधभात चिमटीनं घेऊन ताटाच्या उजवीकडे, फरशीवर, एकाखाली एक ठेवायला लागले. एक चिमट चित्राला, एक चित्रगुप्ताला, एक यमाला, एक यमधर्माला, आणि शेवटची सगळ्या भूतमात्रांना. पाच चिमटी. दुधानं भिजलेल्या. हे मी जन्मल्यापासून रोज पाहत आले होते, म्हणूनच कधी पाहिलं नव्हतं.

अप्पा जेवले. मी त्या पाच चिमटींकडे बघत होते. मुंग्यांची एक रांग भिंतीकडून यायला लागली होती.

"तू होतीस ते बरं होतं," ताटात हात धुता धुता अप्पा म्हणाले. "आता ते तसंच पडून राहतं. मुंग्या होतात."

"काय पडून राहतं?"

"चित्राहुती गं. तुझी आई मी पाटावरून उठायच्या आत उचलायची आणि बाहेर कठड्यावर पाखरांना ठेवायची. एक दिवस चुकली नाही. ती गेल्यावर भांडीवाली पुसत असेल, मी कधी बघितलं नाही, मला दिसतंय तरी किती. पण तू आलीस आणि आईसारखंच तूही उचलायला लागलीस. मी ताट ठेवून परत येईपर्यंत जागा स्वच्छ. मी काही बोललो नाही, पण मला फार बरं वाटायचं, विभा. म्हटलं, आईचं एवढं तरी हिनं घेतलं."

मी एक दिवसही काही उचललं नव्हतं. मला वाटत होतं, अप्पा पुसतात.

गवळणीच्या खाण्याकडे बघ हं, आई म्हणाली होती. सहा वर्षं अप्पा पाटावरून उठायच्या आत ती वाकून त्या पाच चिमटी उचलत होती, ते नुसतं पाखरांसाठी नव्हतं. मी तक्ता केला, कड्या लावल्या, मुंगीएवढी अक्षरं वाचली, नसीमभाभींना नको ते बोलले, बापाला शपथ घ्यायला लावली. आणि रोज दुपारी माझ्याच हातानं दूध कालवून ताट मांडून बाहेर जात होते. पाच आठवडे. मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडायचं तेच कळेना.

अप्पा माझ्याकडे बघत होते. मोतीबिंदूनं धुरकटलेले डोळे, त्यांना माझं तोंड कितपत दिसत होतं कोण जाणे.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. पुढे झाले, त्या पाच चिमटी ओंजळीत गोळा केल्या आणि बाहेर कठड्यावर ठेवून आले. परत आले तेव्हा अप्पा अजून पाटावरच बसलेले होते, आणि फरशीवरच्या ओल्या डागांकडे बघत होते. मग त्यांनी हळूच मान वर केली आणि जिथे गवळण बसायची त्या उंबऱ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी मी सोडून दिली, राहिले. दुपारी दूधभात कालवला, पाट मांडला, समोर बसले. अप्पांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटले. हात ताटाकडे गेला, चिमट भरली, आणि तशीच थांबली. साठ वर्षं, मुंजीपासून, गाडीच्या गार्डाच्या डब्यातसुद्धा त्यांनी जिच्याशिवाय घास घेतला नव्हता, ती चिमट त्यांनी पुन्हा भातात मिसळली आणि जेवायला सुरुवात केली.

त्यानंतर अप्पा तीन वर्षं होते. ताटाच्या उजवीकडची फरशी शेवटपर्यंत कोरडी राहिली.